रंगाचा रकाना शेवटी

१२ जून
ओळखपत्रकांचं काम आज सुरू केलं. आमच्या गटात ज्यांच्याकडे ड्वार्फ सिक्लिड (टाकीत पाळायचे छोटे सिक्लिड मासे) आहेत त्यांच्या प्रत्येक टाकीतल्या प्रत्येक जातीचं एक पत्रक करायचं. त्यावर नर, मादी आणि वाढतं पिल्लू यांचे फोटो, नाव कशावरून ठरवलं त्याचं कारण, मासा मूळ कुठला, आणि त्या जातीत निसर्गात कोणकोणते रंग आढळतात, एवढं यायला हवं. सगळ्यात मोठा गठ्ठा अर्थातच अपिस्टोग्रामांचा. या एका वंशात वर्णन झालेल्या जाती नव्वदीच्या पुढे गेल्या आहेत. नाव न मिळालेल्या, नुसतं 'स्पी.' (स्पीशीज, म्हणजे जात) लावून फिरणाऱ्या जाती त्याशिवाय.

आजच्या घडीला टाक्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या अशा: डबल रेड, फायर रेड, ऑरेंज फ्लॅश, ओपल, सुपर ब्लू. एकीवर तर फक्त 'अपिस्टो मिक्स'. जातीचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही, सगळी विक्रीची विशेषणं. माझ्या कच्च्या तक्त्यातही रंगाचा रकाना सध्या पहिलाच आहे, कारण मासा दाखवणारा प्रत्येकजण सुरुवात तिथूनच करतो.

१५ जून
रकान्यांचा क्रम बदलला. रंग शेवटी, काळ्या खुणा पहिल्या.

कारण जुन्या वर्णनांमध्येच आहे. अगासिझी या अपिस्टोग्रामाच्या जातीचं वर्णन श्टाइंडाख्नर यांनी १८७५ साली केलं, ते थेयर मोहिमेत (१८६५-६६) ॲमेझॉनमधून आणलेल्या, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशांवरून. अल्कोहोलमध्ये लाल-पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं विरघळून जातात, निळी चमकही ओसरते. टिकतं ते मेलॅनिन, म्हणजे काळं. संग्रहालयातल्या बरणीत मासा शंभर वर्षं राहिला तरी त्याच्या गालावरची काळी रेघ दिसते, पण शेपटी लाल होती की पिवळी हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे वर्गीकरणाची सगळी भाषाच काळ्या खुणांवर उभी आहे. स्वेन कुलँडर यांनी १९८० साली ब्राझील आणि पेरूमधल्या अपिस्टोग्रामांची जी मोठी फेरतपासणी केली, तिचाही भर पट्टे, ठिपके, काटे, खवले आणि डोक्यावरची छिद्रं यांवरच आहे.

पत्रकात पुढील खुणा प्रत्येक माशासाठी भरायच्या. डोळ्यामागून शेपटीकडे जाणारा आडवा पट्टा किती रुंद आहे आणि तो कुठे संपतो. शेपटीच्या मुळाशी ठिपका आहे का, आणि असेल तर आडवा पट्टा त्याला जाऊन मिळतो की अलीकडेच थांबतो (हा एक प्रश्न निम्मं काम करतो). डोळ्याखालून गालावर उतरणारी तिरकी रेघ. अंगावरचे उभे पट्टे, जे अपिस्टोग्रामात साधारण सात असतात. कुशीवरचा ठिपका. पोटाच्या बाजूला आडव्या पट्ट्याखाली बारीक रेघा आहेत की नाहीत. यानंतर नराच्या परांचा आकार: पाठीच्या पराचे पुढचे काटे उंच झालेत का, आणि शेपटी गोल, एकटोकी की दुटोकी.

काट्यांची संख्या जिवंत माशात मोजायची तर फोटो हवा आणि मासा पर उभारून उभा हवा. पाहू.

२१ जून
फोटोंचे नियम ठरले. मासा काचेला समांतर, प्रकाश वरून आणि थोडा पुढून, फ्लॅश एकच आणि कायम त्याच जागी. निळा रंग हा रंगद्रव्याचा नाही. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या पातळ चकत्या असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाने तो दिसतो. कोन बदलला की निळ्याचा हिरवा होतो, कधी नुसता राखाडी. मग एकाच नराचे दोन फोटो शेजारी ठेवून 'हा निळा प्रकार, तो हिरवा प्रकार' अशी चर्चा रंगते.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे फोटोत रंग खरे यावेत म्हणून, राखाडी पट्टी टाकीतच, माशाच्या मागे लावायची. बाहेर लावून उपयोग नाही, कारण पानांनी पिवळट झालेलं पाणीही रंग खातं.

२८ जून
आज दिवसभर एकाच मादीपाशी. बोरेली या जातीच्या अपिस्टोची मादी आहे याबद्दल शंका नाही, आईबाप दोन्ही माहीत आहेत. सकाळी दिवा लागण्याआधी अंग फिकट राखाडी, त्यावर अस्पष्ट पट्टे. खायला घातल्यावर आडवा पट्टा ठळक. शेजारच्या मादीने हद्दीत तोंड घातलं तेव्हा उभे पट्टे वर आले. दुपारी गुहेपाशी पूर्ण पिवळी, ओटीपराची (पोटाखालच्या पराची) पुढची कड काळीकुट्ट, आणि आडवा पट्टा विरून गेलेला. अनोळखी माणसाला हे फोटो वेगवेगळे दाखवले तर तो चार जाती मोजेल.

मेलॅनिनच्या पेशींवर मज्जातंतूंचा ताबा असतो, म्हणून हा बदल पाहता पाहता होतो. म्हणजे 'काळ्या खुणा पहिल्या' हा नियमही बिनशर्त नाही. मूड लिहिल्याशिवाय फोटोला किंमत नाही. पत्रकात प्रत्येक फोटोखाली मनःस्थितीची एक नोंद सक्तीची केली: शांत, घाबरलेला, भांडणारा, अंडी-पिल्लं सांभाळणारी. शांत अवस्थेतला फोटो नसेल तर पत्रक अपुरं समजायचं.

जवळपास प्रत्येक अपिस्टोची मादी पिल्लं सांभाळताना पिवळी होते. तिचा तेवढा एकच फोटो पाठवून नाव विचारणं म्हणजे गणवेशातल्या मुलाचा पाठमोरा फोटो दाखवून तो कुणाचा म्हणून विचारणं.

५ जुलै
अगासिझी. हे पत्रक सगळ्यात लांब होणार, कारण ही जात पेरूपासून ॲमेझॉनच्या मुखाकडच्या भागापर्यंत पसरली आहे आणि वाटेत जागोजागी तिचा रंग बदलतो.

जात ओळखणं त्यामानाने सोपं. अंग लांबट, आडवा पट्टा रुंद आणि थेट शेपटीत शिरणारा, त्यामुळे शेपटीच्या मुळाशी वेगळा ठिपका असा दिसत नाही. वाढलेल्या नराची शेपटी मधोमध टोकदार, आणि आत कडेला समांतर जाणारी पांढरी किंवा निळसर रेघ, टोकाकडे दोन्ही बाजूंनी एकत्र येणारी. मादीची शेपटी गोल. गोंधळ होतो तो गेफायरासारख्या जवळच्या नात्यातल्या जातींशी, आणि तिथे मूळ ठिकाण माहीत नसेल तर मी पत्रकावर 'अगासिझी गट' एवढंच लिहीन.

आता रंग. निसर्गात पकडलेल्या नरांत शेपटी आणि पाठीचा पर पिवळा, नारिंगी, लाल किंवा निळसर असू शकतो. काही ठिकाणी एकाच वस्तीत एकाहून जास्त रंग सापडतात, काही ठिकाणी सगळे नर एकसारखे. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेले 'डबल रेड' आणि 'फायर रेड' ही मात्र वेगळी गोष्ट. त्यांतला लाल निसर्गातल्याच लालातून आला, पण एवढा गच्च, एवढा सारखा, सगळ्या भावंडांत एकाच मापाचा लाल नदीत दिसत नाही.

म्हणून तक्त्यात दोन वेगळे रकाने: 'रूप' म्हणजे एखाद्या नदीत, ओढ्यात सापडणारा नैसर्गिक प्रकार, आणि 'वाण' म्हणजे टाकीत माणसाने निवडून केलेला. रूप लिहायचं तर सोबत ठिकाणाचं नाव हवंच. ठिकाण नसेल तर रूपाचा रकाना रिकामा. यावर एकजण नाराज झाला, कारण त्याच्या 'टेफे ब्लू'च्या पिशवीवर टेफे (ब्राझीलमधलं ठिकाण) लिहिलेलं होतं पण मासे टाकीत जन्मलेले होते आणि आईबापांचा पत्ता नव्हता. तरीही रकाना रिकामाच ठेवला.

६ जुलै
गटातून सूचना: फोटोत फुटपट्टी. मान्य. मात्र कुणीही मासा बाहेर काढून पट्टीवर ठेवायचा नाही.

१९ जुलै
नावांच्या घोळाची एक वेगळी पुरवणी करायला घेतली, कारण जुनी मासिकं आणि पुस्तकं घरोघरी आहेत आणि त्यांतली नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत.

काकाटुऑइडिस या अपिस्टोच्या जातीचं वर्णन हूडेमान यांनी १९५१ साली केलं. पण छंदाच्या जगात हा मासा कितीतरी वर्षं 'बोरेली' म्हणून विकला आणि छापला गेला. आणि खरा बोरेली, ज्याचं वर्णन रेगन यांनी १९०६ सालीच केलं होतं, तो 'राइत्झिगी' या नावाने फिरत होता. म्हणजे जुन्या पुस्तकातलं 'बोरेलीला उंच तुरा असतो' हे वाक्य काकाटुऑइडिसबद्दल असू शकतं. दोघांतला फरक खरं तर डोळ्यात भरणारा आहे. काकाटुऑइडिसचं तोंड मोठं, ओठ जाड, नराच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे एकेक सुटे उभे, शेपटी दुटोकी, आणि आडव्या पट्ट्याखाली पोटाकडे आणखी बारीक रेघा. बोरेली ठेंगणा, पाठीचा पर संपूर्णच उंच आणि सलग, शेपटी गोल. एक पेरूकडच्या वरच्या ॲमेझॉनचा, दुसरा पाराग्वे नदीच्या खोऱ्याचा.

काकाटुऑइडिसच्या रंगाबद्दल एक गोष्ट ठळक लिहायला हवी. 'ट्रिपल रेड' पाहून सवय झालेल्यांना जंगली नर ओळखूच येत नाही. तो राखाडी-पिवळसर असतो, शेपटीच्या वरच्या भागात लाल-काळे एक-दोन डाग असले तर असले. एकाने तो फोटो पाहून 'आजारी आहे का' असं विचारलं.

आफ्रिकेकडेही हाच प्रकार. ज्याला सगळे क्रिबेन्सिस म्हणत आले तो नायजेरियाकडचा पेल्व्हिकाक्रोमिस पल्चर. क्रिबेन्सिस हे नाव बूलेंजर यांनी १९११ साली कॅमेरूनच्या माशाला दिलं होतं, आणि मधली अनेक वर्षं ती जात त्याच वंशातल्या टेनिएटस या जातीत जमा धरली जात होती. २०१४ साली लाम्बोय आणि सहकाऱ्यांनी क्रिबेन्सिसला पुन्हा वेगळी जात ठरवलं. त्यामुळे आज क्रिब म्हणून विकला जाणारा मासा क्रिबेन्सिस नाही, आणि खरा क्रिबेन्सिस कालपर्यंत टेनिएटस म्हणून विकला जात होता.

२ ऑगस्ट
'व्हिएहिटा' म्हणून आलेल्या टाकीचा निकाल. व्हिएहिटा, मॅकमास्टरी आणि होंग्सलोई या तिन्ही जातींची वर्णनं कुलँडर यांनी १९७९ साली केली. तिन्ही ओरिनोकोच्या बाजूच्या, कोलंबियाच्या गवताळ मैदानी पट्ट्यातल्या. बाजारात व्हिएहिटा नावाने येतात ते बहुतेक मॅकमास्टरीच असतात हे छंदातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. आपल्या टाकीतले नरही मॅकमास्टरीकडेच झुकतात: अंग भरदार, शेपटीच्या वर-खाली लाल कडा, मुळाशी रुंद ठिपका. पण हे टाकीत निवडून लाल वाढवलेलं वाण आहे, आणि मागच्या पिढ्यांत काय काय मिसळलं असेल ते माशांच्या अंगावर लिहिलेलं नाही. या गटातल्या माद्या एकमेकींसारख्या इतक्या असतात की चुकीची जोडी लावणं अवघड नाही.

पत्रकावर लिहिलं: 'मॅकमास्टरी गट, टाकीतलं लाल वाण, जात निश्चित नाही.' मालकाला अर्थात ठाम नाव हवं होतं. देता आलं असतं, पण मग तो हे मासे खऱ्या व्हिएहिटाशी लावणार आणि पिल्लं कुठल्यातरी नावाने पुढे वाटणार.

११ ऑगस्ट
निजसेनी, पांडुरो, बेन्शी. पेरूचे तिघे, आणि या कामातलं पहिलं पत्रक जे भराभर झालं. इथे नेहमीच्या उलट, माद्या बोलतात. निजसेनीची मादी पिवळ्या अंगावर मोठे काळे डाग घेऊन फिरते, ती दुसऱ्या कुणाची वाटूच शकत नाही. नराची शेपटी गोल, लाल कडेची. पांडुरोच्या शेपटीच्या मुळाशी मोठा काळा त्रिकोणी डाग नर-मादी दोघांनाही. बेन्शीच्या नराला पाठीच्या पराचे काटे करवतीसारखे सुटे आणि उंच, वर्णन २००४ सालचं, त्याआधी 'इन्का' नावाने ओळखीचा. पांडुरोचं वर्णन रोमर यांनी १९९७ साली केलं, त्याआधी आणि नंतरही तो 'पांडुरिनी' म्हणून फिरतो. जुन्या चिठ्ठीवर पांडुरिनी दिसलं तर तोच समजावा.

२३ ऑगस्ट
रॅम, हा अपिस्टो नव्हे, दुसऱ्या वंशातला. मायक्रोजिओफॅगस रामिरेझी, वर्णन १९४८, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातल्या मैदानी भागातला. त्याचा बोलिव्हियन भाऊ अल्टिस्पिनोसस अंगाने मोठा, निळ्या ठिपक्यांविना, परांच्या कडा लालसर. दोघांनाही डोळ्यातून उभी काळी रेघ आणि कुशीवर काळा डाग. हे दोघं एकमेकांशी चुकणं कठीण.

अडचण वाणांची. 'गोल्ड'मध्ये काळं जवळपास नाहीसं झालंय, 'इलेक्ट्रिक ब्लू'मध्ये निळ्याने सगळं अंग व्यापलंय आणि कुशीवरचा डागच दिसत नाही. 'बलून'मध्ये अंगाचा आकारही मोडलाय. म्हणजे ओळखीच्या आपल्या सगळ्या खुणा माणसाने निवडून निवडून पुसून टाकल्या. रामिरेझीबद्दल शंका नाही ती फक्त तसा दुसरा मासा नाही म्हणून. हेच एखाद्या अपिस्टोत झालं असतं तर जात सांगता आली नसती.

नर-मादी ओळखण्याची नेहमीची खूण, म्हणजे मादीच्या काळ्या डागात निळे चमकते खवले आणि पोट गुलाबी, ही जंगली किंवा साध्या निळ्या रॅममध्ये बरीचशी चालते. वाणांमध्ये तिच्यावर विसंबू नये. इलेक्ट्रिक ब्लूमध्ये तर डागच नाही, त्यात खवले कुठे शोधणार?

६ सप्टेंबर
खाण्याचा भाग. मासे कॅरोटिनॉइड स्वतः बनवू शकत नाहीत, ते खाण्यातूनच यावं लागतं. नदीत ते बारीक कवचधारी जीव आणि किड्यांच्या अळ्यांतून मिळतं. काकाटुऑइडिसच्या एकाच विणीतली पिल्लं दोन टाक्यांत वाढवत होतो, एकीला नुसते कोरडे दाणे, दुसरीला रोज आर्टेमिया आणि डॅफ्निया हे बारीक कवचधारी जीव. दुसऱ्या टाकीतल्या नरांच्या शेपटीतले डाग स्पष्ट नारिंगी, पहिल्या टाकीत फिकट पिवळे. डागांची जागा आणि आकार मात्र दोन्हीकडे सारखेच, म्हणजे तो नमुना वारशाचा आणि त्यातली गडद छटा ताटातली. पत्रकात खाण्यासाठी एक ओळ वाढवली.

याला एक काळी बाजूही आहे. विक्रीपूर्वी पिल्लांना हॉर्मोन देऊन अकाली रंगवण्याचा प्रकार या व्यवसायात होतो. बोटाच्या पेराएवढा मासा पूर्ण वाढलेल्या नरासारखा भडक असेल, आणि टाकीत आल्यावर आठवडे जातील तसा रंग उतरत जाईल, तर त्याच्यावरून पत्रक भरायचं नाही. थांबायचं.

१४ सप्टेंबर
रिओ निग्रोसारख्या काळ्या पाण्यात विरघळलेली ह्युमिक द्रव्यं निळा प्रकाश गिळतात, खाली पोचतो तो तांबूस. तिथे निळं अंग जवळपास दिसणारच नाही. आपण पांढऱ्या एलईडीखाली ज्या रंगावर जीव टाकतो तो मासा त्याच्या ओढ्यात कदाचित वापरतच नसेल. एका टाकीत पानांचं पाणी करून, दिवा मंद करून तुलना केली. निळा फिका झाला, पिवळा आणि काळा उठून आला. मादीचा पिवळा का, याचं उत्तर इथेच असावं असं मला वाटतं.

१६ सप्टेंबर
मिक्स पिशवीतल्या ज्या माशांना मादी समजून वेगळ्या टाकीत हलवलं होतं त्यांतला एक रंगला. मोठ्या नराच्या नजरेआड झाल्यावर शेपटीला टोकं फुटू लागली, गालावर निळ्या रेघा. दबलेले नर मादीचे रंग धरून राहतात हे अपिस्टोत नेहमीचंच. काहीजण तसेच मादीच्या वेशात अंड्यांपर्यंत पोचतात. पत्रकात नवा नियम: मादी म्हणून नोंद करायची तर तिने अंडी घातलेली असावीत, किंवा ती एकटी वाढवलेली असावी.

२७ सप्टेंबर
रंग शेवटी, हे सगळं लिहून झाल्यावर आज त्याच्या उलट बाजूचा विचार.

अपिस्टोग्रामा केटेई ही पूर्व ॲमेझॉनमधली, पारा राज्याकडची जात. तिच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्त्यांत नरांचे रंग वेगळे. त्यावरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. माद्यांना आपल्या रूपाचा आणि परक्या रूपाचा नर यांतून निवड करायला दिली तेव्हा त्या ठामपणे आपल्याच रूपाकडे गेल्या. या वस्त्या आनुवंशिक दृष्ट्याही एकमेकींपासून दुरावलेल्या होत्या. म्हणजे आपण ज्याला एका जातीतले रंगप्रकार म्हणतो ते माशांच्या लेखी वेगळे समाज असू शकतात, कदाचित वेगळ्या जातीही.

मग मी रंग शेवटी ढकलतेय ते बरोबर का? माझं उत्तर: हो, पण कारण नीट मांडायला हवं. मादीला नर दिसतो तो त्याच्या पाण्यात, त्याच्या खाण्यावर वाढलेला, पूर्ण नाचात. आम्हाला दिसतो तो कुठल्याशा टाकीतला, फ्लॅशखालचा, मूड माहीत नसलेला. रंगात माहिती भरपूर आहे, आपल्यापर्यंत ती मोडकीतोडकी पोचते. ठिकाणाच्या नावासकट आलेल्या माशाचा रंग मात्र नीट टिपायचा, बारकाईने टिपायचा, कारण तोच उद्या वेगळ्या जातीचा पुरावा ठरू शकतो.

याचा व्यवहारातला अर्थ: दोन ठिकाणांची रूपं एकत्र पाळून पिल्लं काढायची नाहीत, दोन्ही चिठ्ठ्यांवर जातीचं नाव एकच असलं तरी. हे पत्रकाच्या मथळ्यातच छापायचं ठरलं. गटात दोघांचा विरोध आहे ('नवं रक्त' हा मुद्दा), पण नवं रक्त त्याच ठिकाणच्या माशांतून आणता येतं.

११ ऑक्टोबर
पेल्व्हिकाक्रोमिस. इथे ठिकाणांची नावं लावण्याची शिस्त आधीपासून चांगली आहे. क्रिबेन्सिसच्या बाबतीत 'कियेंके', 'मोलिवे', 'नांगे' ही कॅमेरूनमधल्या जागांची नावं माशाबरोबरच चालत येतात. 'वुरी' म्हणून ओळखला जाणारा मासा २०१४ मध्ये ड्राखेनफेल्सी ही वेगळी जात ठरला, आणि ज्यांनी चिठ्ठीवर वुरी लिहून ठेवलं होतं त्यांना नवं नाव लावायला एक मिनिट लागलं. ज्यांनी 'टेनिएटस, पिवळा' लिहिलं होतं ते अजून विचारतायत.

पल्चरमध्ये आणखी गंमत. एकाच जातीत, एकाच वस्तीत कल्ल्यांच्या झाकणावर लाल असलेले नर आणि पिवळे असलेले नर, दोन्ही असतात. हा ठिकाणाचा फरक नाही. नरांचे संसार थाटण्याचे मार्गही एकाहून अधिक: कुणी एका मादीशी जोडी करतो, कुणी अनेक माद्यांचा हद्दवाला होतो, कुणी दुसऱ्याच्या हद्दीत उपरा म्हणून राहतो. तेव्हा 'रेड' पल्चर आणि 'यलो' पल्चर ही वेगळी पत्रकं करायची नाहीत. एकाच पत्रकात दोन्ही फोटो.

२५ ऑक्टोबर
उरलेले झटपट. डिक्रॉसस फिलामेंटोसस आणि मॅक्युलॅटस: दोघांच्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, पहिल्याच्या नराची शेपटी लांब दुटोकी, दुसऱ्याची तशी नाही. माद्या आणि लहान पिल्लं फोटोवरून वेगळी सांगू नयेत. नॅनाकारा अनोमाला: मादी पिल्लं सांभाळताना अंगभर जाळीदार काळी होते, एरवी साधी. तिचे दोन्ही फोटो घेतले.

तापमानाची नोंद पत्रकात हवी का यावर बराच वेळ गेला. हवी असं ठरलं. रोमर आणि बाइझनहर्ट्झ यांनी १९९६ साली दाखवलंय की अपिस्टोंच्या अनेक जातींत पिल्लं कोणत्या तापमानाला वाढली त्यावर नर-मादीचं प्रमाण हलतं, जास्त उष्णतेला नर जास्त. काही जातींत पाण्याच्या पीएचचाही भाग. एखाद्याच्या टाकीत सगळेच नर निघाले तर 'या वाणात माद्या फिक्या असतात' असल्या कथा तयार होण्याआधी हीटर पाहावा.

८ नोव्हेंबर
पत्रकाचा नमुना पक्का. वरून खाली क्रम असा: ठिकाण किंवा 'अज्ञात', जंगली की टाकीतली पिढी, शांत अवस्थेतल्या काळ्या खुणा, परांचा आकार, मूडनुसार बदल, खाणं आणि तापमान, रूप, वाण, आणि तळाशी रंग. नावाचा चौकोन उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने भरायचा.

अर्ध्याहून जास्त पत्रकांवर ठिकाण 'अज्ञात' आहे. नावाच्या चौकोनात काही ठिकाणी नुसता गट आहे. मिक्स पिशवीतल्या त्या रंगलेल्या नराची शेपटी आता दुटोकी झालीय, आडवा पट्टा शेपटीच्या ठिपक्याच्या अलीकडे थांबतो, पोटावर रेघा नाहीत. काकाटुऑइडिस आणि अगासिझी दोन्ही बाद. त्याच पिशवीतल्या मादीने त्याच्यासोबत अंडी दिलीत. पिल्लांतल्या नरांच्या शेपट्यांना टोकं येईपर्यंत चौकोन रिकामा ठेवायचा, पुढची फोटोफेरी फेब्रुवारीत.